इंग्लंडमध्ये क्रिमिनल जस्टिस शिकताना: नऊ महिन्यांनंतर

कोर्सचं नाव ऐकून मामांनी विचारलं होतं, "म्हणजे आता तू दरवाजे तोडणार का गं?" तेव्हा मी हसले. इथे आल्यावर कळलं की वर्गातल्या निम्म्या परदेशी मुलांचा समज मामांसारखाच होता. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग यातलं इथे काहीही नाही. ते फॉरेन्सिक, त्याला सायन्स लागतं. आमच्याकडे पोलीस, सरकारी वकील, कोर्ट, तुरुंग आणि प्रोबेशन (तुरुंगाबाहेर राहणाऱ्या गुन्हेगारांवर देखरेख) ही यंत्रणा कशी चालते, कोणाला पकडते, कोणाला सोडते, एवढंच. आणि वाचन. भरपूर वाचन.

मी सोलापूरची. एलएलबी केलं, दीड वर्ष जिल्हा न्यायालयात ज्युनिअर म्हणून फाइली वाहिल्या, मग मिडलँड्स म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका युनिव्हर्सिटीत एक वर्षाच्या मास्टर्सला आले. फी वीस हजार पौंडांच्या वर, व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि हे सगळं कर्ज काढून. म्हणून थोडं सविस्तर लिहितेय.

आधी जे खरोखर आवडलं ते. तिसऱ्या आठवड्यात सेमिनारला कबुलीजबाबाचा विषय होता. इथे पोलीस चौकशीतला कबुलीजबाब कोर्टात चालतो. त्याला कुंपण आहे १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याचं, सगळे त्याला 'पेस' म्हणतात. चौकशी रेकॉर्ड होते, ठाण्यात वकील फुकट मिळतो. मी सहज म्हटलं, आमच्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. शेजारची इंग्लिश मुलगी चकित झाली. "तुमच्या कायद्याचा तुमच्याच पोलिसांवर विश्वास नाही?" मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तो कायदा कोणी केला, माहितेय?" १८७२ चा पुरावा कायदा, कलम २५. आता नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ झालंय, पण मूळ इंग्रजांचंच. मी परीक्षेसाठी ते कलम शंभरदा घोकलं असेल. आपणच उभ्या केलेल्या पोलिसांवर भरवसा नसलेल्या राज्यकर्त्यांचं ते कलम आहे, हे मात्र मला इथे येऊन उमगलं.

दुसरी गोष्ट कोर्टाची. वर्गातलं काही समजलं नाही की मी बुधवारी मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बसायचे. पब्लिक गॅलरीत कोणीही बसू शकतं, फोन बंद ठेवायचा एवढंच. नव्वद टक्क्यांहून जास्त फौजदारी प्रकरणं इथेच संपतात. आणि बेंचवर बसलेले तिघं बहुतेक वेळा वकीलसुद्धा नसतात! बिनपगारी स्वयंसेवक. कायदा सांगायला खाली एक सल्लागार असतो. एकदा दुकानातून चीज आणि मांस चोरणाऱ्या माणसाचं प्रकरण होतं. मधल्या बाईंनी त्याला थेट विचारलं, "आज रात्री राहणार कुठे?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. सगळा खेळ बारा मिनिटांत आटोपला. आपल्याकडे तेवढ्या वेळात पुकारासुद्धा होत नाही. पण म्हणून फार भारावून जाऊ नका. गंभीर गुन्हे चालतात त्या वरच्या क्राउन कोर्टात पाऊण लाखाहून जास्त खटले तुंबलेत आणि ज्यूरीपुढच्या सुनावणीच्या तारखा वर्षावर्षांनी पुढे पडतात. तारखांचं दुखणं आपलंच आहे असं मला उगाच वाटायचं.

मार्कांचं सांगून ठेवते. ५० ला पास, ७० ला डिस्टिंक्शन. पहिल्या निबंधाला मला ५४ मिळाले, शेरा "फार वर्णनात्मक". कलम, निवाडा, कलम, निवाडा अशी एलएलबीची सवय. इथे विचारतात, बरं, मग तुझं म्हणणं काय? दोन महिने तरी डोकं पिकलं.

आता तक्रार. माहितीपत्रकात ठळक लिहिलं होतं: तुरुंग, पोलीस आणि प्रोबेशनमध्ये प्लेसमेंटची, म्हणजे शिकतानाच प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची संधी. संधी आहे, पण पार्श्वभूमीच्या पडताळणीतून पार पडणाऱ्यांना. आणि पोलिसांच्या पडताळणीत साधारणपणे देशात तीन वर्षांचं वास्तव्य बघतात. सप्टेंबरमध्ये विमानातून उतरलेल्या पोरीकडे ते कुठून असणार? ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "तुमच्यासाठी लायब्ररीवर आधारित पर्यायी मॉड्युल आहे." म्हणजे सोबतची इथली मुलं तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलून आली आणि मी त्यांच्यावरचे लेख वाचले. फी मात्र माझी त्यांच्या दुपटीहून जास्त.

नोकरीचंही तसंच. पुण्यातल्या एजंटनं छातीठोकपणे सांगितलं होतं, "यूकेत पोलीस खात्यात कायम भरती असते." असेल, पण इथे राहण्यावर मुदतीचं बंधन असलेल्याला ते घेत नाहीत. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसा हवा तर सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंडांची. नव्यांना त्यात सूट आहे, पण या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या पगारात तीही गाठणं अवघडच. तेव्हा फक्त इथे स्थायिक होण्यासाठी कोणी हा विषय घेत असेल तर घेऊ नये. परत येऊन वकिली, संशोधन किंवा कैद्यांसाठी काम करायचं असेल तर विचार करा, आणि पैसे भरण्याआधी प्लेसमेंटबद्दल ईमेलवर लेखी उत्तर मागा. मी फोनवर विचारलं होतं. चूक माझी.

सध्या प्रबंध लिहितेय. विषय १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवायच्या, त्यांची नोंद करायची, हजेरी घ्यायची. १९११ च्या सुधारणेनंतर तो आमच्या मुंबई इलाख्यातही आला. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, रीडर पास फुकट निघतो. तिथे एका अहवालात 'शोलापूर सेटलमेंट' हे शब्द दिसले आणि मी पान उलटायचंच विसरले. सोलापुरात रिक्षावाल्याला आपण 'सेटलमेंट'ला जायचंय म्हणून सांगतो, ते हे. तारेच्या कुंपणात माणसं ठेवलेली जागा. शाळेतून येताना तिकडून येऊ नकोस, असं आजी बजावायची. का, ते कधी सांगितलं नाही.

परवा तिला फोनवर सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढे पैसे घालून तिकडं कशाला गेलीस मग? रिक्षानं वीस रुपयांत जाऊन आली असतीस की."