हेडलाइन: प्रश्नचिन्ह लावू की सरळ सांगून टाकू?

एका मैत्रिणीने विचारलं की बातमीला 'पुलाच्या कामात घोटाळा?' असं द्यावं की 'पुलाच्या खर्चावर ऑडिटमध्ये आक्षेप' असं, तिचं काही ठरतच नव्हतं.

अचूकपणा बघितला तर प्रश्नचिन्ह सेफ वाटतं, कारण आपण काही ठामपणे म्हटलेलंच नसतं ना, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात 'घोटाळा' हा शब्द राहतो आणि प्रश्नचिन्ह गळून पडतं. इयान बेटरिज या पत्रकाराने २००९ मध्ये लिहिलं होतं की प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कुठल्याही हेडलाइनचं उत्तर 'नाही' असं देता येतं, आणि खरंच, पुरावा हातात असता तर प्रश्न कशाला विचारला असता!

विधानात रिस्क आहेच. १९४८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत 'शिकागो ट्रिब्यून' या पेपरने निकाल पूर्ण लागायच्या आधीच ड्यूईने ट्रुमनला हरवलं असं छापून टाकलं, आणि जिंकला ट्रुमन. पण तिथे घोळ घाईचा होता, विधानाचा नाही.

मेहनत विधानालाच जास्त, कोण म्हणालं, कशाच्या आधारावर, हे सगळं सात-आठ शब्दांत बसवायचं म्हणजे डोकं खाजवावं लागतं. क्लिक्स प्रश्नाला जास्त मिळतात म्हणे, मिळोत बापडे.

बातमी असेल तर विधान, आणि आरोप असेल तर तो कोणी केला हे हेडलाइनमध्येच लिही. 'लोन लवकर फेडावं का?' टाइप एक्सप्लेनर, म्हणजे विषय समजावून सांगणारा लेख असेल, जिथे लोक खरंच तो प्रश्न सर्च करतात आणि उत्तर आत पहिल्या पॅरातच आहे, तिथे प्रश्न बिनधास्त टाक.