सात टाक्यांचा बायोफ्लॉक संच: पाणी वाचतं, मीठ उरतं

बायोफ्लॉक म्हणजे टाकीत सतत हवा सोडून आणि गूळ घालून जिवाणूंचे गुच्छ (फ्लॉक) वाढवायचे; ते माशांच्या मलातून होणारा अमोनिया खातात, म्हणून पाणी सारखं बदलावं लागत नाही. नाशिक, सिन्नर, निफाड पट्ट्यात अशा मत्स्यशेतीसाठी मिळणारा नेहमीचा संच असा असतो: ४ मीटर व्यासाच्या, १.५ मीटर उंचीच्या सात गोल टाक्या, बाहेरून वेल्डमेश जाळी, आत पीव्हीसी ताडपत्री, हवा सोडणारा २ एचपीचा ब्लोअर, एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारे दगड), प्रोबायोटिकचे डबे आणि एक माहितीपत्रक. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत याच मापाच्या युनिटची किंमत साडेसात लाख धरली गेली. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. त्यामुळे हाच साचा सगळीकडे रुळला. माहितीपत्रकावर ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द हमखास असतो. हे परीक्षण त्या एका शब्दाचं आहे.

पाण्याच्या बाबतीत तो खरा ठरतो. एक मीटर पाणी भरलं की टाकीत साधारण १२,५०० लिटर मावतात, सात टाक्यांत ८७,५०० लिटर. बाष्पीभवन रोज ८ मिलिमीटर धरलं तर टाकीमागे १०० लिटर उडतात, म्हणजे सहा महिन्यांत सगळ्या मिळून सव्वा लाख लिटर. उत्पादन टाकीमागे २५० किलो धरा (५०० किलोचे आकडे ऐकवले जातात, ते सोडून द्या), तर किलोला १२० लिटरच्या आसपास पाणी लागतं. गाळासोबत जाणारं वेगळं. शेडनेट टाकलं तर आणखी वाचतं. पाणी बदलत राहणाऱ्या तलावापुढे हे फारच कमी.

विजेचा हिशेब मात्र माहितीपत्रकात सापडत नाही. २ एचपी म्हणजे दीड किलोवॉट, चोवीस तासांचे ३६ युनिट, १८० दिवसांचे ६,४८०. १,७५० किलो माशाला भागा: किलोला ३.७ युनिट. आपल्या ग्रिडची वीज बहुतांश कोळशाची, युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर एका किलो माशामागे अडीच किलोहून जास्त. त्यात खाद्य धरलेलंच नाही आणि तेही किलोला १.२ ते १.५ किलो लागतं. ‘सोलरवर चालतो’ म्हणणाऱ्याला पॅनल किती किलोवॉटचं ते विचारा. एक किलोवॉट दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे नऊ किलोवॉट हवेत, शिवाय रात्रीची सोय वेगळी.

ब्लोअर बंद ठेवून वीज वाचवता येत नाही. घनमीटरला २० किलो मासे ताशी लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन ओढतात, फ्लॉकमधले जिवाणू वेगळा. पाण्यात असतो ५-६ मिलिग्रॅम. वीज गेली की हातात जेमतेम अर्धा तास. शेतीच्या आठ तासांच्या फीडरवर हा संच लावूच नये, आणि जनरेटर आपोआप सुरू होणारा हवा.

आता मीठ. नाशिककरांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथे. प्रचलित कृतीत सुरुवातीलाच १,००० लिटरला १ किलो खडेमीठ टाकायला सांगतात. टाकीला साडेबारा किलो, संचाला जवळजवळ नव्वद. कारण खरं आहे: अमोनियापासून बनणारं नायट्राइट वाढलं की ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं, रक्त चॉकलेटी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड त्याची वाट अडवतं. पण त्यासाठी क्लोराइड नायट्राइट-नायट्रोजनच्या २० पट असलं की भागतं. नायट्राइट ५ मिलिग्रॅमपर्यंत जाईल असं गृहीत धरलं तरी क्लोराइड लिटरला १०० मिलिग्रॅम पुरे, म्हणजे १,००० लिटरला २०० ग्रॅम मीठ. पाचपट मीठ कशाला? बोअरच्या पाण्यात क्लोराइड आधीच असेल तर तेवढंही लागत नाही; आधी पाणी तपासा, मग पोतं फोडा.

किलोच्या हिशेबाने टाकलेलं मीठ पाण्याची क्षारता (ईसी) साधारण २ डेसिसीमेन्स प्रति मीटरने वाढवतं. काढणीनंतर हे पाणी जातं कुठे? ‘उत्तम खत’ म्हणून द्राक्षाच्या नाही तर कांद्याच्या सरीत. कांद्याचं उत्पादन मातीची क्षारता १.२ च्या वर गेली की घटायला लागतं, द्राक्षाचं १.५ च्या वर. शिवाय सोडियमने काळी माती चिकट होते आणि वाळली की दगडासारखी कडक. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही. उलट वरून भरत राहिलेल्या पाण्यातले क्षारही त्यात साठत जातात. २०० ग्रॅमच्या मापाने चालवलेल्या टाकीचा गाळ मात्र खरोखर चांगलं खत आहे.

गुळाचंही तसंच. रोज ठरावीक गूळ ओतायचा नसतो. अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम दिसला तर १२,५०० लिटरमध्ये साडेबारा ग्रॅम होतो. ग्रॅमला २० ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे टाकीला ३०० ग्रॅमच्या आत गूळ. त्याहून जास्त टाकला की जिवाणू वाढतात, ऑक्सिजन खातात आणि गाळ होतो. इमहॉफ शंकूत (खाली निमुळतं होणारं, खुणा असलेलं मापाचं भांडं) एक लिटर पाणी २० मिनिटं ठेवा. २५ ते ४० मिलिलिटर फ्लॉक बसला तर ठीक, पन्नासच्या वर गेला की तळाचा व्हॉल्व्ह उघडा. हा शंकू बहुतेक संचांत नसतो, तो वेगळा घ्यावा.

थंडीबद्दल विक्रेते बोलत नाहीत. निफाडचा पारा एक आकडी होतो. तिलापिया १६ अंशांखाली खाणं सोडतो, पंगस त्याच्याही आधी. न खाल्लेलं खाद्य कुजून अमोनिया चढतो. हीटर लावणं म्हणजे वरचा विजेचा हिशेब आणखी फुगवणं. मार्चमध्ये बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून नोव्हेंबरपर्यंत काढणी संपवावी. वर्षाला दोन पिकांचं गणित इथे बसत नाही.

तिलापिया मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घेऊन, एकलिंगी (सगळे नर) बीजाचाच. निचऱ्याच्या पाइपवर बारीक जाळी हवीच, कारण निसटलेला मासा नदीत जाईल आणि खाली गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. थायलंडी मागूर कुणी देऊ केला तर बंदी आहे, विषय संपला.

ताडपत्री ठीकठाक. ६५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६५० ग्रॅम वजनाच्या) खाली घेऊ नये. निचऱ्याच्या फ्लँजपाशी ती आधी गळते.

ज्यांच्याकडे अस्तर लावलेलं शेततळं आहे त्यांनी मात्र हा संच घेण्याआधी त्यातच रोहू-कटला-मृगळ विरळ सोडून पाहावेत. वीज जवळजवळ शून्य, मीठ शून्य, आणि पाणी नाही तरी बागेला जाणारच. फक्त एप्रिलमध्ये पातळी उतरायच्या आत मासे काढावे लागतात.

संच घ्यायचाच ठरलं तर कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: जनरेटर, ईसी मीटर आणि गाळ साठवायचा अस्तर लावलेला खड्डा. साडेसात लाखांच्या बोलीत यातलं सहसा काहीच नसतं.