1920 चं पारसी कपाट सांगून 68,000 ला रंगवलेला एमडीएफ गळ्यात मारला

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात कोणी जुनं कपाट घ्यायला निघालं असेल तर आधी हे वाचा. कपाटाचे 68,000, टेम्पो आणि हमालीचे 3,500, एकूण 71,500 गेले माझे. फिकट निळा रंग, कडांना उडालेला, खालून तपकिरी डोकावणारा. "ताई, फोर्टच्या पारसी घरातलं, 1920 चं, अस्सल बर्मा सागवान."

घरी सुतार आतून एक हूक लावायला आला, बाजूच्या फळीत ड्रिल घातलं आणि पिठासारखा भुसा गळायला लागला. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी! दर्शनी पट्ट्या तेवढ्या कुठल्यातरी हलक्या लाकडाच्या. त्यानेच सांगितलं कसं करतात ते. खाली गडद हात, कडांवर मेणबत्ती घासायची, वरून फिका मॅट रंग, सुकल्यावर पॉलिश पेपर मारला की मेणावरचा रंग आपोआप सुटतो. तडे हवेत तर दोन हातांच्या मधे फेव्हिकॉल. साखळीने ठोकून खाचा, बारीक ड्रिलने किड्याची भोकं. हे काम लोक हौसेने करतात, छानही दिसतं, नवं आहे सांगून विका ना मग!

राहून राहून संताप येतो तो त्या बिजागरीचा. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्टारवाला स्क्रू होता तिथे. मला दिसला, मी विचारलंसुद्धा, तर म्हणे जुनी बिजागरी गंजली म्हणून बदलली. कोणालाही पटेल असं उत्तर. पण मागच्या फळीलाही तेच स्क्रू होते, ते घरी आल्यावर दिसले, कारण दुकानात कपाट भिंतीला टेकवलेलं, पुढे ओढू देईनात, रंग खरवडेल म्हणे. तिथेच उठून यायला हवं होतं. स्टार स्क्रूचं पेटंटच अमेरिकेत 1936 चं आहे, 1920 च्या कपाटात तो आला कुठून? आणि झीज बघा, कडीभोवती जिथे रोज हात लागणार तिथे रंग शाबूत, आणि मागच्या पायांच्या कडा घासलेल्या जिथे कोणाचा हात कधी जात नाही. पण दुकानातल्या त्या पिवळ्या लाइटमधे, शेजारी माणूस अखंड बोलत असताना, हे भल्याभल्यांना दिसणार नाही. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करा, तळाला रंग नसतो, तिथे खरं लाकूड कळतं.

पोलीस स्टेशनला गेले तर "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे". खोटं सांगून पैसे घेतले ही फसवणूक नाही तर काय आहे? मग म्हणे दुकान ज्या हद्दीत तिथे जा, तिथले म्हणाले साहेब बंदोबस्ताला गेलेत. बिल दाखवलं तर हसले, कारण बिलावर "वुडन अलमारी 1 नग" एवढंच, 1920 नाही, सागवान नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, नंतर मेसेज की ग्राहक आयोगाकडे जा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी 1972 चा कायदा आहे, त्या विकायचा धंदा करायला परवाना लागतो, त्याचं नाव काढलं तर तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मग सामान्य माणसाने जायचं कुठे?

आता जिल्हा आयोगात केस टाकतेय, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. लाकूड आणि साल बिलावर लिहून घ्या, लिहीत नसेल तर निघा. आणि ज्यांनी आगाऊ पैसे दिलेत त्यांनी माल उतरवायच्या आधी टेम्पोतच मागची बाजू बघा, व्हिडिओ काढा, उरलेले पैसे त्यानंतर द्या.