सोलापुरातून भाड्याने मिळणारी डिझेल मोटरहोम : ॲव्हरेजचा खरा हिशेब

सोलापुरात डिझेलवर चालणारी मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, चालकासह भाड्याने मिळू लागली आहे आणि शहरातील ज्या व्यावसायिकाकडून आम्ही ती घेतली, त्याच्या पत्रकावर ‘लिटरला १३’ हा आकडा गाडीच्या छायाचित्राइतकाच ठळक छापलेला आहे. भाड्याच्या अटींनुसार डिझेलचा खर्च ग्राहकाचा असतो. टाकी फुल्ल करून गाडी ताब्यात मिळते आणि फुल्ल करूनच परत द्यावी लागते. त्यामुळे या सेवेचा बरावाईटपणा ठरवताना गाद्या, पडदे आणि गॅसची शेगडी यांच्याइतकेच किंबहुना जास्त महत्त्व ॲव्हरेजला येते. कुटुंबासह कोकणात आणि पुण्याकडे या गाडीने प्रवास करताना डिझेलची नोंद मी नेटाने ठेवली. पुढील अभिप्राय त्या नोंदींवर आणि थोड्या आकडेमोडीवर आधारलेला आहे.

गाडी फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली आहे. इंजिन २५९६ सीसीचे, चार सिलिंडरचे, प्रदूषणाच्या बीएस-६ मानकाचे. या इंजिनाचा वंश मर्सिडीजच्या जुन्या डिझेल इंजिनापर्यंत जातो आणि आपल्याकडच्या मेकॅनिकांना ते चांगले परिचयाचे आहे, ही लांबच्या प्रवासात मोठीच निश्चिंती. आत चार जणांना नीट झोपता येते. पाचवा माणूस लहान मूल असेल तरच मावतो. छोटे स्वयंपाकघर, फ्रिज, शौचालय, शॉवर, दीडशे लिटरची पाण्याची टाकी आणि मागच्या केबिनसाठी वेगळा एक टनाचा एसी एवढा संसार घेऊन, माणसे व सामान धरून गाडीचे वजन चार टनांच्या आसपास जाते. यातील बहुतेक गोष्टी ठीक चालतात. शॉवरची धार बारीक आहे, पण पाणी जपून वापरायचे असल्यामुळे ते एका अर्थी सोयीचेच ठरते.

ॲव्हरेज मोजण्याची माझी पद्धत कोणत्याही ट्रकचालकाला ठाऊक असलेलीच आहे. टाकी फुल्ल करायची, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि पुन्हा फुल्ल करताना लागलेल्या लिटरने मधल्या किलोमीटरना भागायचे. मात्र डिझेलला फेस येतो, त्यामुळे पंपाचा नोझल आपोआप बंद पडतो त्या क्षणी टाकी दर वेळी सारखीच भरलेली असते असे नाही. पन्नास-साठ किलोमीटरच्या प्रवासावरून काढलेला आकडा म्हणूनच निरुपयोगी असतो. निदान अर्धी टाकी संपेपर्यंत थांबावे. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या तात्कालिक ॲव्हरेजवरही विसंबू नये. उतारावर तो आकडा मनाला सुखावतो, एवढाच त्याचा उपयोग.

पत्रकातील १३ हा आकडा गाडी देऊ शकते. सपाट रस्ता, ताशी ६० चा स्थिर वेग, वारा पडलेला आणि एसी बंद, एवढे जुळून आले तर ती तेराच्याही पुढे जाईल. प्रश्न एवढाच आहे की पुणे-सोलापूर महामार्गावर ताशी ६० ने कोण जातो? आमचे चालकदादा सवयीने ताशी ९० च्या आसपास गाडी ठेवत आणि त्या वेगात ॲव्हरेज नऊच्या खालीवर राहिले. विनंती करून वेग ताशी ७० वर आणल्यावर तीच गाडी, तोच रस्ता आणि तेवढीच माणसे असताना ते साडेअकरापर्यंत चढले.

हा फरक चालकाच्या कौशल्याचा नसून गाडीच्या आकाराचा आहे. मोटरहोम म्हणजे समोरून पाहिल्यास सुमारे पाच चौरस मीटरची भिंतच, आणि तीही छतावर एसी, सावलीसाठीच्या कापडी छपराची गुंडाळी व सामानाचा कठडा मिरवणारी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार टनांच्या गाडीला टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणासाठी जवळपास स्थिर असा ४०० न्यूटनचा जोर लागतो; हवेसाठी लागणारा जोर मात्र ताशी ६० ला त्याच्याइतकाच, तर ताशी ९० ला दुपटीहून अधिक होतो. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट इतकी ऊर्जा असते आणि तिच्यातील सुमारे तीस टक्केच चाकांपर्यंत पोहोचते असे धरले, तर कागदावरची आकडेमोड ताशी ७० ला जवळपास १२ आणि ताशी ९० ला पावणेनऊ असे उत्तर देते. प्रत्यक्ष अनुभव त्याच्या फार जवळ निघाला. पुण्याच्या अडीचशे किलोमीटरमध्ये ताशी ९० ने गेल्यास पाऊण तास वाचतो आणि सात-आठ लिटर डिझेल जास्त जाते. डिझेलचा दर नव्वद रुपयांच्या आसपास असताना तो पाऊण तास सहाशे-सातशे रुपयांना पडतो. ज्याला तेवढी घाई असेल त्याने मोटरहोम मुळात घ्यावीच कशाला?

वाऱ्याचा विचार बहुतेक लोक करीत नाहीत, पण सोलापूरकरांनी तो करायला हवा. आषाढ-श्रावणात आपल्या माळरानावर पश्चिमेचा वारा दिवसभर वाहतो आणि पुण्याकडे जाताना तो जवळपास समोरून येतो. गाडीचा वेग ताशी ८० आणि समोरचा वारा ताशी २० असेल तर हवेच्या दृष्टीने गाडी ताशी १०० ने धावत असते. हवेचा विरोध अशा वेळी दीडपटीहून अधिक होतो आणि लिटरला दहा देणारी गाडी साडेसातवर येते. मोहोळ ओलांडून टेंभुर्णी, उजनीकडे जाताना गाडी ‘ओढत नाही’ अशी तक्रार चालक करतात, तिच्यामागे पुष्कळदा इंजिनाऐवजी हा वारा असतो. परतताना तोच वारा पाठीशी असल्यामुळे सुमारे तीन चतुर्थांश नुकसान भरून निघते. सगळे भरून निघत नाही.

घाटांची भीती मात्र मला अवास्तव वाटते. चार टनांची गाडी शंभर मीटर उंच चढवायला एक तृतीयांश लिटरपेक्षा किंचित जास्त डिझेल लागते. सांगोला, मिरज, कोल्हापूर असे करीत आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरणे आणि त्याच वाटेने परत येणे यात घाटामुळे होणारा जादा खर्च दोन-तीन लिटरच्या घरात राहतो, अर्थात चालकाला गिअरचे भान असेल तर. या बाबतीत आमचे चालकदादा खरोखर निष्णात होते. “साहेब, चढ लागायच्या आधी गिअर उतरवायचा, गाडी दमल्यावर उतरवला तर डिझेलही जातं आणि क्लचही,” असे त्यांनी सांगितले आणि ते तसेच वागलेही. मिनिटाला पंधराशे ते दोन हजार फेऱ्यांच्या टप्प्यात या जातीच्या इंजिनाचा जोर भरपूर असतो, म्हणून सपाटीवर इंजिन उगाच ओरडवत नेण्याचे कारण नाही आणि चढावर वरच्या गिअरमध्ये घुसमटवण्याचेही नाही.

आता मुख्य मुद्दा, जो पत्रकात कोठेही नाही आणि जो आरक्षणाच्या वेळी आपणहून कोणी सांगत नाही. मोटरहोम डिझेल खाते ते केवळ धावताना नव्हे, तर उभी असतानाही. मागच्या केबिनचा एसी घरच्या एसीसारखा २३० व्होल्टवर चालतो. बाहेरून वीजजोड मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास तो इन्व्हर्टरमार्फत बॅटरीवर चालतो. गाडीत १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी उकाड्याच्या रात्री तासाला एक युनिटच्या आसपास घेतो. दोन-अडीच तासांत बॅटरी बसते आणि मग चालक इंजिन सुरू करून ठेवतो.

उभ्या गाडीत एवढ्या क्षमतेचे इंजिन तासाला सुमारे एक लिटर डिझेल जाळते. त्यावर एसीचा बोजा आला की सव्वा लिटर धरावे. आठ तासांची रात्र अशी काढली तर दहा लिटर गेले, म्हणजे सोलापूरहून विजापूर गाठण्याइतके डिझेल गाडी जागची न हलता संपले. समजा, आठशे किलोमीटरचा प्रवास आणि अशा दोन रात्री असतील, तर रस्त्यावर लिटरला साडेदहा देणाऱ्या गाडीचे एकूण ॲव्हरेज सव्वाआठच्या आसपास येते. पैशांत सांगायचे तर अशी एक रात्र नऊशे रुपयांची. याउलट एखाद्या निवासाच्या आवारात पंधरा अँपिअरचा सॉकेट मिळाला, तर सात-आठ युनिट वीज लागेल आणि मालकाने युनिटला पंधरा रुपये लावले तरी खर्च सव्वाशेच्या पुढे जाणार नाही.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वच्छ होण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो आणि तासन्‌तास इंजिन नुसते फिरत राहिल्यास तो तापत नाही. काजळी साठत जाते, मग ती जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते आणि दुसऱ्या दिवशीचे ॲव्हरेजही त्यापायी घसरते. धूर खिडकीतून आत येण्याचा धोका तर आहेच. इंजिन चालू ठेवून बंदिस्त जागेत किंवा भिंतीला लागून उभ्या केलेल्या गाडीत झोपू नये. शेजारच्या गाडीत झोपलेल्या लोकांची त्या घरघरीने झोपमोड होते, हेही विसरता कामा नये.

युरोपात मोटरहोमचे ॲव्हरेज सांगताना हा रात्रीचा खर्च वेगळा काढावा लागत नाही. तिकडच्या बहुतेक गाड्या फियाट ड्युकाटोसारख्या सांगाड्यावर, साडेतीन टनांच्या मर्यादेत बांधलेल्या असतात आणि त्यांचे रस्त्यावरचे ॲव्हरेजही लिटरला दहाच्या आसपासच असते. मात्र तेथील रात्रीची गरज उबेची आहे. डिझेलवर चालणारा छोटा हीटर इंजिन बंद ठेवून तासाला ०.१ ते ०.२५ लिटरमध्ये केबिन उबदार ठेवतो, कारण डिझेल जाळून मिळणारी बहुतेक उष्णता थेट कामी येते. आपल्याला गारवा हवा असतो आणि डिझेलमधून गारवा काढण्याची वाट इंजिन, अल्टरनेटर, बॅटरी, इन्व्हर्टर आणि कॉम्प्रेसर अशी लांबलचक आहे. प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा गळते. तिकडच्या मोटरहोमचे आकडे पाहून इकडच्या खर्चाचा अंदाज बांधणाऱ्याची म्हणूनच फसगत होते.

यावर उपाय गाडी बांधणाऱ्यांच्या हातात आहे आणि तेथे ही गाडी कमी पडते. भिंतींतील उष्णतारोधक थर पातळ आहे. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे छत आतून हाताला गरम लागते. छतावर सौर पट्ट्या आहेत, परंतु त्या दिवे, पंखे आणि फ्रिज यांच्यापुरत्याच. पट्ट्या वाढवण्याआधी छताचा थर जाड केला असता, तर तेवढ्याच बॅटरीवर एसी आणखी तासभर चालला असता असे माझे मत आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो अशा गावात व्यवसाय करणाऱ्याला हे कोणी सांगायला नको होते. पाण्याची टाकी दर वेळी काठोकाठ भरून देण्याची पद्धतही अनावश्यक आहे. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन आणि वाटेत पाणी सर्वत्र मिळते. अर्थात वजनाचा फटका वेगाच्या मानाने किरकोळ आहे. टायरमधील हवा मात्र गाडी सुटण्यापूर्वी, टायर थंड असताना, समोर उभे राहून तपासून घ्यावी. आमच्या गाडीचे मागचे टायर कमी हवेचे निघाले होते आणि सांगितल्यावरच त्यात हवा भरण्यात आली.

सेवेबद्दल बोलायचे तर गाडी वेळेवर आणि स्वच्छ मिळाली, कागदपत्रे चोख होती, अनामत रक्कम कुरकुर न करता परत मिळाली. डिझेलच्या हिशेबात एकच कटकट झाली. परत करताना टाकी ‘अजून बसते’ असे म्हणत नोझल थांबल्यावरही गळ्यापर्यंत डिझेल भरण्याचा आग्रह धरला गेला, जो देताना अर्थातच धरला गेला नव्हता. ताबा घेताना आणि परत करताना एकाच पंपावर, आपल्यासमोर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंतच भरायचे असे आधीच लेखी ठरवून घेतल्यास हा वाद उद्भवत नाही.

चार माणसांनी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात ही गाडी जरूर घ्यावी. त्या दिवसांत रात्री एसी लागत नाही, खिडक्या उघड्या ठेवून पंख्यावर भागते आणि ताशी ७० चा वेग पाळल्यास लिटरला अकरा सहज पडतात. आईवडिलांना अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर घडवण्यासाठी ती सोयीची आहे, विशेषतः शौचालय सोबत असल्यामुळे; मात्र आषाढीच्या सुमारास रस्ते भरलेले असतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीकडून ॲव्हरेजची अपेक्षा करू नये. एप्रिल-मे महिन्यांत मुक्कामाच्या ठिकाणी वीजजोड नक्की मिळणार असेल तरच आरक्षण करावे आणि तो सॉकेट पाच अँपिअरचा आहे की पंधराचा, हे फोनवरच विचारून घ्यावे, कारण पाच अँपिअरच्या सॉकेटवर हा एसी चालवण्याचा प्रयत्न आम्ही केला तेव्हा त्या निवासाचा फ्यूज उडाला होता.