क्लबमधली वाइन-संध्याकाळ: शेनिन उत्तम, शिराझ गरम

रत्नागिरीतल्या आमच्या क्लबने सभासदांसाठी ठेवलेल्या वाइन टेस्टिंगला मी तिसऱ्यांदा गेले. या वेळी सगळ्या बाटल्या नाशिकच्या. सुरुवात शेनिन ब्लांक या व्हाइट वाइनने: थंडगार, किंचित गोडसर, आणि सोबत तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. ओल्या खोबऱ्याचा गोडवा आणि वाइनचा आंबटपणा इतका जुळला की पुढच्या वाइनकडे वळायलाच नको वाटलं. सोव्हिन्याँ ब्लांक या दुसऱ्या व्हाइट वाइनबरोबरचे कुरकुरीत बोंबीलही छान.

शिराझ या रेड वाइनने मात्र निराशा केली, आणि दोष वाइनचा नाही. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली, साधारण १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळीही ३० अंश असतात! बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला हवी होती. नाकाशी नेली की नुसता अल्कोहोलचा भपका. त्यात समोर बांगडा. टॅनिनवाली, म्हणजे तुरट रेड आणि तेलकट मासा एकत्र आले की तोंडात लोखंडासारखी चव रेंगाळते. तिथे मटण सुकंच हवं होतं. आयोजकांना हे सांगितलं, त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं.

सोलकढी सगळ्यात शेवटी आणली हे फार बरं केलं. आमसुलाच्या आंबटपणापुढे कुठलीच वाइन टिकत नाही. पुढच्या वेळेसाठी बहिणीचंही नाव देऊन आले आहे.