पहिल्या बीपपासून बोलणारा लॅपटॉप : डेबियन १३, सहा महिन्यांनंतर

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. बडोद्यात दांडिया बाजारात राहते, घरी हार्मोनियमचे वर्ग घेते. लॅपटॉपवर माझी कामं साधीच: मेल, फीचा हिशेब, मुलांना द्यायचे गाण्यांचे शब्द आणि भरपूर वाचन. इतकी वर्षं विंडोजवर एनव्हीडीए वापरलं. ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी २००६ साली सुरू केलेला हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याने मला उभं केलं आणि त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझा आठ वर्षांचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसेना.

रावपुऱ्यातल्या एका दुकानात विचारलं. "बेन, नवुं लइ लो." मग यात लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, टाकून द्याल का, असं विचारलं, तर म्हणाले, "नाखी आपीए, पण तमाराथी नइ चाले." (टाकून देऊ, पण तुम्हाला ते चालवता येणार नाही.) हे वाक्य मला लागलं. आजवर फॉरमॅट म्हणजे लॅपटॉप दोन दिवस दुकानात ठेवायचा, तो मुका होऊन घरी यायचा, आणि कुणीतरी डोळस माणूस येऊन स्क्रीन रीडर टाकून देईपर्यंत मी त्याच्यासमोर नुसती बसून राहायची. या वेळी ते नको होतं. दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच करायचं ठरवलं.

लिनक्सच्या प्रकारांपैकी डेबियन निवडलं, कारण त्याचा इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टिम टाकून देणारा प्रोग्राम, स्वतः बोलतो. विंडोजमध्येच रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह तयार केला, तिथवर एनव्हीडीए सोबत होतंच. खरी अडचण त्यापुढे. लॅपटॉप सुरू होताना कोणत्या ड्राइव्हवरून बूट करायचं हे विचारणारा पडदा बोलत नाही. तिथे एकही स्क्रीन रीडर पोचत नाही, कारण तेव्हा कोणतीच सिस्टिम सुरू झालेली नसते. एवढ्यापुरता भाचा शेजारी बसला. "मावशी, एफ-१२ दाबत राहा... आता खालचा बाण, दोनदा. एंटर." त्याची मदत इथे संपली. मी मात्र किती वेळा कोणतं बटण दाबलं ते लिहून ठेवलं. पुढच्या वेळी तोही लागणार नाही.

मग बीप वाजला. त्याचा अर्थ मेनू आला. एस दाबून एंटर. काही सेकंद शांतता, आणि लॅपटॉप बोलायला लागला. आवाज यंत्राचा, इंग्रजी, कोरडा. पण डिस्कवर नवी सिस्टिम अजून आलेली नसताना, दुसऱ्या कुणी काही टाकून दिलेलं नसताना तो बोलत होता. मी भाच्याचा हात घट्ट धरला होता, हे त्यानेच नंतर सांगितलं.

बोलणारा इन्स्टॉलर चित्रांचा नसतो, प्रश्नोत्तरांचा असतो. पर्यायांना आकडे असतात. हवा तो आकडा टाइप करून एंटर द्यायचा. प्रश्नचिन्ह दिलं की मदत मिळते. ओळ निसटली तर कॅप्स लॉक धरून आय दाबलं की चालू ओळ पुन्हा ऐकू येते, यू दाबलं की मागची, ओ दाबलं की पुढची. माउस नाही, शोधाशोध नाही. अंध माणसासाठी यापेक्षा सरळ रचना मी आजवर पाहिली नाही. रूटचा, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड विचारला तेव्हा तो रिकामाच सोडला. मग पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे मुख्य खात्याची कामं करण्याचा, अधिकार आपोआप मिळतो आणि एकच पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो.

हात थांबला तो डिस्कच्या पार्टिशनपाशी, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्यापाशी. बदल डिस्कवर लिहायचे का? एक, होय. दोन, नाही. काही न देता नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं, ही चांगली सोय. मी ओळन् ओळ तीनदा ऐकली. डिस्कचा आकार ऐकून खात्री केली की ही लॅपटॉपचीच आहे, पेनड्राइव्ह नाही. मग एक दाबला. बॅकअप आधीच घेतला होता, तुम्हीही घ्या. डेस्कटॉप म्हणून हलकाफुलका माटे निवडला. वाय-फायचा त्रास झाला नाही. डेबियन १२ पासून वाय-फायसारखी उपकरणं चालायला लागणारे फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच असतात. सिस्टिम पुन्हा सुरू झाली ती बोलतच. इन्स्टॉल करताना आवाज वापरला असेल, तर तयार झालेल्या सिस्टिममध्येही तो राहतो.

आता रोजच्या वापराचं. इथला स्क्रीन रीडर ऑर्का. फायरफॉक्समध्ये एच दाबून शीर्षकावरून शीर्षकावर जाता येतं, लिब्रेऑफिसमध्ये हिशेबाच्या तक्त्यातले घर आणि आकडे नीट ऐकू येतात. मराठी मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करते: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, जागा कायमच्या ठरलेल्या. यादीतून शब्द निवडण्याची भानगड नसल्याने आमच्यासाठी हीच पद्धत उत्तम.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो तीन भाषांनी. घरात मराठी, बाहेर गुजराती, कामाला इंग्रजी. ऑर्कासाठी आवाज तयार करणाऱ्या ई-स्पीक एनजीला तिन्ही येतात, पण भाषा बदलली की आवाजही बदलायला हवा. ऑर्कामध्ये इन्सर्ट आणि स्पेस दाबून सेटिंग उघडलं, तीन प्रोफाइल बनवले, आणि पुढच्या प्रोफाइलवर जाण्याची आज्ञा एका बटणाला जोडली. ती आधीपासून कुठल्याच बटणाला दिलेली नसते, म्हणून मला ती आहे हेच महिनाभर कळलं नव्हतं! आता मेल मराठीत आला की एक बटण. 'चमचा' मधला च आणि 'चंद्र' मधला च लिपीत सारखेच, त्यामुळे आवाज कधीकधी कानाला खटकतो. आवाज माणसाचा वाटत नाही हेही खरं. पण वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात, आणि मला वाचनात वेग हवा असतो.

सोसायटीच्या नोटिशीचा फोटो मोबाइलवर येतो, गुजरातीत. आधी शेजारच्या काकूंकडून वाचून घ्यायचे. आता टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर गुजराती आणि मराठी भाषांच्या जोडीसकट टाकलं आहे; टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप केली की फोटोतला मजकूर अक्षरांत मिळतो. जानेवारीत पाणी दोन दिवस येणार नाही, हे काकूंना मीच सांगितलं.

त्याच महिन्यात एक फजितीही झाली. उत्तरायणाला पोरांनी गाणी लावायला लॅपटॉप टीव्हीला जोडला. आवाज टीव्हीकडे गेला. केबल काढल्यावरही परत आला नाही. आवाज नाही म्हणजे माझ्या दृष्टीने काहीच नाही. ऑल्ट आणि एफ-२ दाबून ऑर्का टाइप करून पाहिलं, उपयोग नाही. शेवटी यूएसबीचा हेडफोन लावला. त्यात स्वतःचंच साउंड कार्ड असतं. त्यात आवाज आला आणि मग सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर परत निवडले. तेव्हापासून तो हेडफोन हार्मोनियमच्या पेटीतच असतो. लिनक्स टाकण्याआधी असा एक घेऊन ठेवा, हा माझा सगळ्यांत कळकळीचा सल्ला.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या सरकारी पीडीएफ इथेही तशाच कचरा ऐकवतात. प्रिंटर अजून जोडलेला नाही. पेनड्राइव्ह मात्र पुसला नाही, त्याला जाड दोरा बांधून ठेवला आहे. एका विद्यार्थिनीची धाकटी बहीण अंध आहे. रविवारी ती तिचा जुना लॅपटॉप घेऊन येणार आहे. एस तीच दाबेल.