एअर पिस्तुलासाठी छर्रे निवडताना : आरडब्ल्यूएस आर-१० मॅचचा सहा महिन्यांचा अनुभव

१० मीटर एअर पिस्तूल खेळणारा नेमबाज पिस्तुलावर मोठी रक्कम खर्च करतो, पकड आपल्या तळव्याला नेमकी बसावी म्हणून तिचे लाकूड आठवडेच्या आठवडे कानशीने घासत राहतो, आणि नळीतून प्रत्यक्ष बाहेर पडणारा अर्ध्या ग्रॅमहूनही हलका शिशाचा छर्रा मात्र दुकानात जो शिल्लक असेल तो उचलतो. मीही चार वर्षे हेच केले. गेल्या सहा महिन्यांत मी आरडब्ल्यूएस या जर्मन छापाचा आर-१० मॅच हा छर्रा, त्याच्या पिस्तुलासाठीच्या ०.४५ ग्रॅम वजनाच्या प्रकारात, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर अशा दोन मापांत वापरला. त्याविषयी हे लिहीत आहे.

रेंजवर ज्याला सगळे पेलेट म्हणतात, तो हा छर्रा आकाराने डमरूसारखा असतो. त्याचे डोके सपाट असते, म्हणून कागदाला फाटके भोक न पडता कात्रीने कापल्यासारखे गोल छिद्र पडते. कंबर बारीक असते आणि मागचा घेर आतून पोकळ व पातळ असतो. दाबलेली हवा या पोकळीत शिरली की घेर किंचित फुलतो, नळीला चिकटतो आणि हवा निसटू देत नाही. डोके मात्र नळीतील पीळदार आट्यांच्या कडांवर टेकून पुढे सरकते. त्यामुळे ४.४९ की ४.५० हा प्रश्न या डोक्याच्या व्यासाचा आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक नळीपरत्वे वेगळे असते. मित्राच्या पिस्तुलाला जे माप लाभले ते आपल्यालाही लाभेल असे गृहीत धरता येत नाही, मग दोन्ही पिस्तुले एकाच नमुन्याची का असेनात.

एक शतांश मिलिमीटरने काय बिघडते, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यापुढील प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने ८ मिलिमीटर बाहेर असते. म्हणजे अंतिम फेरीत जेथे दशांशाने गुण मोजतात, तेथे ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर २२१.७ गुणांवर कांस्यपदक घेऊन थांबली, तेव्हा तिच्या पुढे असलेली कोरियाची किम येजी केवळ ०.१ ने पुढे होती. त्या दशांशाचे कारण छर्रा होता, असे मला मुळीच सुचवायचे नाही. एवढ्या बारीक अंतरावर हा खेळ ठरतो, हे मात्र त्यावरून दिसते.

चाचणी मी हाताने घेतली नाही, कारण हाताने घेतलेल्या चाचणीत छर्र्याचा दोष कोणता आणि मनगटाचा कोणता हे वेगळे काढता येत नाही. पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून, त्याच्या जबड्यांना चामड्याचे अस्तर लावून, प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे मी पाच वेळा झाडले आणि छिद्रांच्या समूहाची रुंदी बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजली. माझ्या नळीत ४.४९ चे समूह साधारण साडेसात मिलिमीटरचे आले आणि ४.५० चे साडेसहाच्या आसपास. छर्रा स्वतःच साडेचार मिलिमीटरचा असल्यामुळे, ४.५० च्या दहा छर्र्यांनी मिळून एकच किंचित रुंदावलेले भोक पाडले, असे म्हणता येईल. याआधी मी वापरत असलेल्या सरावाच्या स्वस्त छर्र्यांचा समूह बारा मिलिमीटरपर्यंत पसरत असे आणि पन्नासांत एखाददुसरा छर्रा त्याहूनही भरकटत असे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. बारा मिलिमीटरचा समूहसुद्धा शिकंज्यातून दहाच्या बाहेर जात नाही, कारण छर्र्याची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून ज्याचे नेम अजून सात आणि आठमध्ये फिरत आहेत, त्याने महागड्या डब्यांवर खर्च करू नये. तेच पैसे प्रशिक्षणाला द्यावेत. पण नव्वद टक्के गुणांच्या पुढे गेलेल्या नेमबाजाची अडचण वेगळी असते. घोडा सुटण्याच्या क्षणी माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा उंचवटा) कोठे होती हे तो मनाशी नोंदवतो आणि मगच पडद्याकडे पाहतो. ही नोंद आणि प्रत्यक्ष छिद्र यांचा मेळ बसला तरच त्याला स्वतःची चूक कळते. ‘उजवीकडे नऊ’ असे मनाशी म्हणावे आणि छिद्र डावीकडे दिसावे, असे पाच-सहा वेळा घडले की तो नेमका नसलेल्या चुकीची दुरुस्ती करू लागतो. माझी दोन वर्षे अशा दुरुस्त्यांत गेली याचे मला आजही वाईट वाटते. आर-१० ने मला जे दिले ते चार-सहा गुणांपेक्षा अधिक मोलाचे आहे : माझ्या स्वतःच्या नोंदीवरचा विश्वास परत आला.

मात्र उत्तम छर्राही नळीत वाकडा बसवला तर त्याचा काही उपयोग नाही. काही पिस्तुलांत छर्रा खाचेत ठेवायचा असतो आणि दांडी मिटताना तो आपोआप पुढे ढकलला जातो. माझ्या पिस्तुलात तो अंगठ्याने थेट नळीच्या तोंडाशी बसवावा लागतो. घाईत तो तिरपा गेला तर डोक्याची एक बाजू कडेला खरवडली जाते आणि पातळ घेर चेपतो, मग हवा एका बाजूने निसटते. मी मुद्दाम दहा छर्रे थोडे तिरपे दाबून पाहिले, तेव्हा तोच साडेसहाचा समूह नऊ मिलिमीटरपर्यंत फाकला. अंगठ्याच्या गादीने सरळ रेषेत, घेराची कड नळीच्या मुखाशी समतल होईपर्यंतच दाबावे. कड बाहेर राहिली तर बंद होणाऱ्या भागाखाली ती चिरडते आणि तेथील रबरी कडेही लवकर झिजते. नखाने किंवा पेनाच्या टोकाने छर्रा आत लोटण्याची सवय काही मुलांना असते. प्रशिक्षकांनी ती पहिल्याच आठवड्यात मोडावी.

डबीविषयी माझी तक्रार नाही. ५०० छर्रे असतात, सरावाचे छर्रे धरून एका सामन्याला ऐंशी लागले तर सहा सामने निघतात. मला मिळालेल्या आठ डब्यांत घेर चेपलेले छर्रे क्वचितच आढळले. तरी डबी एकदा जमिनीवर पडली की तिच्यातले छर्रे सामन्यासाठी ठेवू नयेत. किंमत माझ्या जुन्या छर्र्यांच्या दुपटीहून अधिक पडते, म्हणून कोरड्या, म्हणजे छर्रा न भरता केलेल्या सरावानंतर हात गरम करण्यासाठी मी अजूनही स्वस्त छर्रेच वापरतो. शिसे विषारी आहे. रेंजवरून उठताना साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये आणि छर्रे तोंडात धरण्याचा अघोरी प्रकार कोणी करत असेल तर त्याला तेथेच थांबवावे.

खरेदी करताना डबीवरील उत्पादनाचा संच क्रमांक आवर्जून पाहावा. दुसऱ्या वेळी एका दुकानदाराने मला माप तेच पण क्रमांक वेगळा असलेल्या डब्या पाठवल्या आणि फरक पडत नाही असे सांगितले. शिकंज्यात मात्र समूह जवळजवळ एक मिलिमीटरने वाढला. आता मी आधी एकच डबी मागवतो, पन्नास छर्रे झाडून पाहतो, आणि समाधान झाले की त्याच क्रमांकाच्या वर्षभर पुरतील एवढ्या डब्या एकदम घेऊन ठेवतो.